शत्रूच्या टोपीवरून लावलेली कॉमिक्स

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही. जो कोणी ही वही उघडेल त्याची मी आधीच क्षमा मागते. वही कोणाला दाखवायची नाही, पण कपाट आवरताना कधीतरी कोणाच्या हाती लागेलच. त्याने निदान शेवटपर्यंत वाचावं आणि मग हसावं. माझी शाळा विंचूरजवळच्या आमच्या गावी चौथीपर्यंत झाली. पाचवी दुसऱ्या गावात होती, मधे ओढा होता, आणि मुलींना ओढा ओलांडून पाठवत नसत. त्यानंतर माझ्या हातात पेन आलं ते एकदम तिशीत, कॉमिक्सची नोंद ठेवायला.

कॉमिक्स म्हणजे ती चित्रांची गोष्टीची पुस्तकं. अंगाला घट्ट कपडे घातलेला एक माणूस उडत येतो आणि जग वाचवतो. नाशिकला सिडकोत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ती दहा वर्षं भाड्याने दिली. पुस्तकाला दिवसाला एक रुपया.

ह्यांची सातपूरची कंपनी बंद पडली आणि हे दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागले, तेव्हाची गोष्ट. शहरातली एक जुनी लायब्ररी बंद झाली होती. तिचा सगळा माल भद्रकालीतल्या एका रद्दीवाल्या चाचांनी उचलला आणि ह्यांनी तो टेम्पोतून त्यांच्या गाळ्यावर पोचवला. घरी आल्यावर हात धुता धुता म्हणाले, "हजारभर कॉमिक्स आहेत. चाचा म्हणतात, वजनावर विकायला मन होत नाही. बायकोला सांग, भाड्याने देत जा म्हणावं."

"मी? मला कुठे लोकांशी बोलता येतं?"

"बोलायचं काय त्यात? पोरं येतील, पुस्तक नेतील, रुपया देतील. तू पडद्यामागे बस हवं तर."

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या मागे उभी राहून मी चाचांना पाहिलं. साठीचे असतील. पांढरी दाढी, जाळीची पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तराजूशेजारी पोत्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी ह्यांना विचारलं, "बेटीला वाचता येतं?" मीच मान हलवली. "बस, मग कोणी फसवणार नाही," ते म्हणाले. पुस्तकांचे आणि फळ्या-पत्र्यासाठी रोख दिलेले असे मिळून बारा हजार रुपये त्यांनी आपल्या लांबट वहीत लिहिले. व्याज नाही. "हमारे में चलता नहीं." महिन्याला जमेल तेवढं आणून द्यायचं. हे म्हणाले, मी देत जाईन. तर चाचा म्हणाले, "नाव तिचं लिहिलंय मी. तुझं काय काम?"

घरावर ह्यांचं नाव होतं, रेशन कार्डावर ह्यांचं. माझ्या एकटीच्या नावाने लिहिलेली जगात ही एवढीच गोष्ट होती, आणि ते कर्ज होतं. ते फेडायचं असं मी तेव्हाच मनात धरलं. कोणाला बोलले नाही.

खरंच पडदा लावला. पुढच्या खोलीत सुतळी बांधून तिला कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगायची. पोरं निवडायची, रुपया डब्यात टाकायची, पडद्याखालून पुस्तक आत सरकवायची. मी नंबर लिहून परत सरकवायची. पहिले सहा महिने बऱ्याच पोरांनी माझे फक्त हात पाहिले होते.

अडचण दुसरीच होती. निम्मी पुस्तकं हिंदी, ती मी सावकाश लावून वाचायला शिकले. पण निम्मी विलायती, इंग्रजी. पोरं विचारायची, "मावशी, ते बर्फातलं द्या ना, ज्यात तो रेल्वे थांबवतो." नाव मला वाचता यायचं नाही. हिरोवरून लावावीत तर सगळीकडे तोच हिरो. मग मी ज्याच्याशी तो मारामारी करतो त्याच्याकडे बघायला लागले. शत्रू वेगवेगळे होते, आणि त्यांच्या डोक्यावर काय आहे ते लगेच दिसायचं. मी फळ्या तशाच लावल्या.

सगळ्यात मोठी फळी लोकरी टोपीवाल्यांची. केसाळ टोपी, मधे लाल चांदणी, चौकोनी जबडे. हे लोक नेहमी बर्फात राहायचे आणि कसलं तरी बटण दाबायच्या बेतात असायचे. दुसरी फळी लांब मिशा आणि निळे झगे. तिसरी पांढरा रुमाल आणि त्यावर काळी कडी, हे वाळवंटात तेलाच्या विहिरींजवळ. आणि एक फळी बिनटोपीवाल्यांची, म्हणजे हिरव्या टकलांची, जे दुसऱ्या ग्रहावरून यायचे. वहीत मी तसंच लिहायचे, "लो. टो. क्रमांक चाळीस." पोरांनाही सवय झाली. बाहेरून ओरडायची, "मावशी, एक लोकरी, एक टकल्या!"

आमच्या मागच्या गल्लीत एक एसटी कंडक्टर राहायचे. चार मुलांचा बाप, पण कॉमिक्स स्वतःसाठी न्यायचे. त्यांची ड्युटी नाशिक-येवला होती आणि येवल्याच्या स्टँडवर गाडी परत निघेपर्यंत ते वाचत बसायचे. जिथे वाचायचं थांबले तिथे कोपऱ्याला तिकिटाच्या पंचने भोक पाडायचे. मी एकदा धीर करून पडद्यामागून म्हणाले, "भाऊ, पुस्तकाला भोक पाडत जाऊ नका."

"ताई, तुम्ही बोलता!" ते म्हणाले. "मला वाटलं आत नुसते हातच आहेत."

मला हसू आवरलं नाही. तेव्हापासून पडदा थोडा बाजूला झाला. त्यांना इंग्रजी कामापुरतं यायचं, आणि प्रवाशांनी सीटवर सोडलेली वर्तमानपत्रं वाचून जगाच्या राजकारणाची माहिती पुष्कळ होती. माझ्या फळ्या बघून ते चकित झाले. "हे कोणी शिकवलं?" म्हणाले. कोणी नाही, म्हटलं. मग त्यांनी मला पहिल्या पानावर खाली बारीक अक्षरात छापलेलं साल दाखवलं. आकडे मला येत होते. आम्ही दोघांनी एका दुपारी सालं बघितली आणि मलाच गंमत वाटली. लोकरी टोपीवाले एका सालापर्यंत भरभरून होते आणि मग एकदम आटले.

"रशिया फुटला ना," कंडक्टर भाऊ म्हणाले. "अमेरिकावाल्यांची पुस्तकं ही. त्यांचं ज्याच्याशी वाकडं, तो यांच्यात राक्षस. ही रुमालवाली कधीची बघा. इराकच्या लढाईच्या आसपासची. आणि मधे हे टकले का एवढे वाढले सांगू? रशिया गेल्यावर शत्रूच सापडेना त्यांना. मग आकाशातून आणले."

मला वाटायचं हे सगळं कोणीतरी मनाने रचतं, पोरांना झोप यावी म्हणून आपण राक्षस रचतो तसं. रचणारा माणूससुद्धा सकाळी पेपर वाचून बसतो हे मला तेव्हा कळलं.

देशी पुस्तकांत तर हे आणखी लवकर दिसायचं. सीमेपलीकडच्या देशात आपली बस सुरू झाली, त्याच्या थोडं पुढे एक हिंदी पुस्तक आलं, त्यात तिकडचा एक पोलीस आपल्या हिरोला जखमेवर पट्टी बांधतो. पुस्तक येऊन सुतळीवर जुनं होईतो कारगिलची लढाई लागली. पुढच्या पुस्तकात तिकडचा प्रत्येक माणूस दात काढून हसतोय. पट्टी बांधणारा पोलीस कुठे गेला ते मला कधी सापडलं नाही. कंडक्टर भाऊ म्हणाले, "बस चालू तर दोस्ती, बस बंद तर लढाई. आणि खरं सांगतो ताई, मला त्या बसवर ड्युटी दिली असती तर लढाई पहिल्याच दिवशी लागली असती. सुट्ट्या पैशांवरून."

चाचांकडे मी महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचे. हे टेम्पो रस्त्यावर उभा करायचे आणि मी गल्लीत आत. कधी शंभर, कधी पन्नास, सुट्टीच्या दिवसांत दीडशे. चाचा बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचे, वहीत लिहायचे आणि मला सही करायला लावायचे. नंतर नवीन आलेल्या रद्दीतून माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेली कॉमिक्स दाखवायचे. देवळालीच्या शाळांतून, मुंबईच्या गठ्ठ्यांतून यायची ती. बरीचशी अर्धी फाटलेली, कव्हर नाही, मधली पानं नाहीत. ती ते फुकट द्यायचे. "आधा-आधा जोडून पूरा बनव," म्हणायचे.

मी जोडायचे. गोधड्या शिवायचा हात होता. एकाच हिरोची दोन अर्धी पुस्तकं, कपडे तेच, कागद साधारण सारखा, की गोधडीचा दोरा घेऊन शिवून टाकायचे. गोष्ट जुळतेय का ते चित्रांवरून बघायचे. अशी तीसेक पुस्तकं मी शिवली असतील.

त्यातलं एक कंडक्टर भाऊंनी येवल्याला नेलं आणि संध्याकाळी हसत हसतच आले. "ताई, हे काय शिवलंय तुम्ही? पहिल्या अर्ध्यात हा हिरो डोंगरात जातो, तिथल्या दाढी-फेट्यावाल्यांच्या शेकोटीजवळ बसून त्यांच्यासोबत भाकरी खातो, त्यांच्या बाजूने लोकरी टोपीवाल्यांना झोडतो. मधली शिवण ओलांडली की दुसऱ्या अर्ध्यात त्याच डोंगरात त्याच दाढीवाल्यांची घरं जाळतो! भाकरी पचली पण नसेल त्याची."

"मला वाटलं, मधे त्यांचं भांडण झालं असेल," मी म्हणाले.

ते हसायचे थांबले. पहिल्या अर्ध्याचं पहिलं पान त्यांनी उजेडाला धरलं, मग दुसऱ्या अर्ध्यातलं साल छापलेलं जाहिरातीचं पान. पहिलं अर्धं ऐंशीनंतरचं होतं. दुसरं अमेरिकेत त्या दोन इमारती पाडल्या त्यानंतरचं. "भांडणच झालं," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर शिवलंय. उसवू नका."

त्या इमारती पडल्यानंतरच्या सालापासून नवी फळी सुरू झाली. दाढी आणि टोपी. हे आधीचे डोंगरातले फेटेवाले नव्हते. आता शत्रू शहरात राहायचा, साधे कपडे घालायचा, पांढरी दाढी, जाळीची टोपी. विलायती पुस्तकांत होता तसा देशी पुस्तकांतही आला. ही पुस्तकं मी चाचांकडून आणलेली नव्हती. घरोघरी केबल आली होती, पोरं कमी झाली होती. नवीन काही टांगलं नाही तर धंदा बसेल म्हणून मी स्टेशनकडच्या दुकानातून कोरी आणायला लागले. दोन रुपये भाडं ठेवलं तरी ती एका दिवसात फिरायची. त्यांच्याच पैशांतून हप्ते जात होते. मी टोपी बघत होते, नंबर घालत होते, टांगत होते. दुसरं काही माझ्या ध्यानात आलं नाही, आणि ते का आलं नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं. रोज चित्र बघणारी मी बाई.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी चाचा स्वतः दारात आले. आधी कधी आले नव्हते. त्यांचा हमाल आजारी होता आणि माझ्यासाठी ठेवलेला गठ्ठा घेऊन ते सायकलवरून आले होते. बाहेर सात-आठ पोरं होती. एकाने सुतळीवरच्या पुस्तकाकडे बघितलं, चाचांकडे बघितलं आणि ओरडला, "मावशी, पुस्तकातला बाहेर आला!"

सगळी पोरं खिदळली. मी पडद्याबाहेर आले. त्या कव्हरवरच्या माणसाची दाढी, टोपी, चष्मासुद्धा चाचांसारखा होता. हातात बॉम्ब होता.

चाचांनी पुस्तक चिमट्यातून काढलं, लांब धरून बघितलं. पोरांना म्हणाले, "अरे, नाक तर माझ्यापेक्षा चांगलं काढलंय. आणि हा बम किती किलोचा रे? लोखंडी असेल तर घेऊन ये. पाच रुपये किलो देतो."

पोरं आणखी हसली, चाचाही हसले. पोरं पांगल्यावर त्यांनी ते पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"किती भाडं याचं?"

"दोन रुपये."

"चालतं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "सगळ्यात जास्त."

"हूं," चाचा म्हणाले. "चलो, मग तुझं कर्ज लवकर फिटेल." पुस्तक पुन्हा चिमट्याला लावलं, सरळ लटकतंय का ते बघितलं, आणि पाणीही न घेता गेले.

त्याच दुपारी मी तशी सगळी पुस्तकं उतरवून कॉटखाली सारली. अकरा होती. हे जेवायला आले तेव्हा सुतळी रिकामी दिसली.

"चाचा चेष्टा करत होते गं. तू कशाला मनावर घेतेस?"

"शेवटचं बोलले ते चेष्टा नव्हती."

"मग काय, ती चित्रं तू काढलीस?"

"टांगली मी."

पुढच्या महिन्याच्या रविवारी मी गेले नाही. काय तोंड दाखवायचं हा एक प्रश्न, आणि दुसरा, न्यायला पैसेही नव्हते. नवी पुस्तकं उतरवल्यावर दिवसाला दहा-बारा रुपये सुटायचे, ते घरखर्चातच जायचे. त्याच्या पुढच्या महिन्यात साठ रुपये जमले, पण एक महिना चुकल्यावर साठ रुपये घेऊन जायची लाज वाटली. असं करत करत वर्ष झालं. बाकी सदतीसशे रुपये होती. रोज सकाळी डबा उघडला की मला तो आकडा दिसायचा.

एकदा नळावर शेजारीण म्हणाली, "बरं केलंस, तिकडे जाणं सोडलंस ते. त्यांचे पैसे बुडवले तर कोण विचारतंय आता?" हंडा भरला नव्हता तरी उचलून मी घरी आले. चाचांनाही असंच वाटत असणार, हे माझ्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं. मी लाजेने गप्प होते आणि लोकांच्या डोळ्यांना ते पैसे बुडवणं दिसत होतं. तरीही मी लगेच उठून गेले नाही. उठून जाणं मला कधीच सोपं नव्हतं.

मग डिसेंबरात कंडक्टर भाऊ आले. ते घरची रद्दी चाचांनाच घालायचे. म्हणाले, "ताई, चाचा हजला चालले. गाळा भाच्याला दिला. सगळ्यांना भेटून बोललं-चाललं माफ करून घेतायत. जाण्याआधी स्वतःवरचं सगळं कर्ज फेडावं लागतं त्यांच्यात. दुसऱ्याकडून येणं असेल ते सोडलं तरी चालतं. तुम्हाला निरोप दिलाय, बाकी सोडली म्हणून सांग त्या बेटीला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, ताई खूश होतील."

"मी खूश नाही," मी म्हणाले. एवढ्या जोराने म्हणाले की बाहेर पुस्तक निवडणाऱ्या पोरीने मान वळवली. "मी कधी म्हटलं सोडा म्हणून? एवढी वर्षं दिले ते काय सोडून द्यायला दिले? कधी निघणार ते?"

"नऊ दिवस आहेत," भाऊ जरा दबकून म्हणाले.

त्या दिवशी ह्यांनी सरळ उपाय सांगितला. नाताळच्या सुट्ट्या लागत होत्या. कॉटखालची अकरा पुस्तकं काढ, टांग, तीन रुपये भाडं लाव, बाकीचं मी टेम्पोच्या मालकाकडून उचल घेतो. मी नाही म्हणाले. ह्यांच्या उचलीला नाही म्हणाले आणि त्या पुस्तकांना तर नाहीच. त्यांच्यासारखा चेहरा टांगून त्यांचेच पैसे फेडायचे, आणि तेही ते यात्रेला निघालेले असताना. ह्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "मग काय विकशील?"

तेच तर मला समजत नव्हतं. माझ्याकडे काय होतं? मंगळसूत्र आणि हजार जुनी कॉमिक्स.

उपाय कंडक्टर भाऊंनीच आणला. त्यांच्या गाडीने रोज येणारे येवल्याचे एक प्राध्यापक होते, जुनी कॉमिक्स जमवायचे. तिसऱ्या दिवशी भाऊ त्यांना घेऊन आले. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात शबनम पिशवी. खाली सतरंजीवर बसले आणि लोकरी टोपीवाल्यांची फळी बघून लहान मुलासारखे पुढे सरकले. एकशेचाळीस पुस्तकं होती. एकेक काढून सालं बघत होते.

"यातला शत्रू कसा भारी असायचा," ते भाऊंना म्हणाले. "आम्ही शाळेत या लोकांना घाबरायचो. स्वप्नात यायचे."

"आता?" भाऊंनी विचारलं.

"आता बघून बरं वाटतं. म्हणून तर जमवतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळ्यांचे पंचवीस रुपये नग देतो. साडेतीन हजार."

मला भाजीवालीशीसुद्धा घासाघीस करता येत नाही. पण मी म्हणाले, "सदतीसशे."

"अहो बाई, कित्येकांना कव्हरं नाहीत."

"शिवलेली आहेत. पान सुटणार नाही."

"शिवलेली आहेत म्हणूनच तर कमी देतोय! जमवणाऱ्याला शिवलेलं चालत नाही. आणि प्रत्येक कोपऱ्याला ही भोकं कोणी पाडली?"

कंडक्टर भाऊ छताकडे बघायला लागले. शेवटी प्राध्यापकांनी छत्तीसशे दिले. शंभर रुपये माझ्या डब्यात होते. फळी रिकामी झाली तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, कारण ते चौकोनी जबड्यांचे लोक माझे पहिले ओळखीचे होते. त्यांना आता कोणी घाबरत नव्हतं, आणि घाबरत नव्हतं म्हणूनच त्यांची किंमत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी भद्रकालीत गेले. हे टेम्पो घेऊन येतो म्हणाले, पण मी सिटी बसने एकटी गेले. गाळ्यावर भाचा होता, त्याने मागच्या घराचा जिना दाखवला. घरात पाहुणे होते, बायका बॅगा भरत होत्या. चाचा खिडकीजवळ बसून हजला नेसायच्या पांढऱ्या कापडाला दुमड घालत होते. मला बघून उभे राहिले.

"बेटी, निरोप पोचला नाही का? मी सोडले पैसे."

"पोचला. पण मी आणलेत." मग बसमध्ये पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. "वर्षभर आले नाही ते पैसे बुडवायचे म्हणून नाही. ते चित्र मी टांगलं होतं, त्याची लाज वाटली. मला आधी दिसलंच नाही ते तुमच्यासारखं आहे. ती पुस्तकं मी त्याच दिवशी उतरवली. चुकलं माझं."

चाचांनी कापड बाजूला ठेवलं. "मला वाटलं, तुला भीती वाटायला लागली. इकडे यायची." मग म्हणाले, "चुकलं माझं पण. तुझ्या दारात येऊन मी टोमणा मारला. चित्र काढणारा तर सापडत नाही, मग जो समोर दिसला त्यालाच ऐकवलं. माफ कर. हे मागायला मीच यायला हवं होतं, पण तुझ्या दारात पोरं असतात. पुन्हा हसतील असं वाटलं."

चुलीकडून कोणी तरी चहा आणला. चाचांनी विचारलं, "एवढे पैसे आणलेस कुठून?"

"लोकरी टोपीवाली सगळी विकली. एका प्राध्यापकांना. ते म्हणाले, लहानपणी भीती वाटायची, आता बघून बरं वाटतं."

चाचा हसले. खरंच मोकळे हसले, चष्मा काढून डोळे पुसले. "अच्छा! म्हणजे आमचा नंबर पण जाईल कधी तरी. आम्हाला पण कोणी पंचवीस रुपये नग घेईल."

मग त्यांनी बायकोला हाक मारून ती लांबट वही मागवली. मी रुमालाची गाठ सोडली. त्यांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, एकदा सरळ, एकदा उलट्या. सदतीसशे भरले. माझ्या नावाच्या पानावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली आणि पेन माझ्याकडे दिलं. रेघेखाली मी सही केली. बारा हजार रुपये पूर्ण फिटले.